चुलीचा ठसा

सरोज ताकभातेनं नवऱ्याला सोडलं त्याला अकरा महिने झाले होते, आणि तेवीस वर्षांच्या संसारात जितका जीव तिनं त्याच्यावर टाकला नव्हता तितका या अकरा महिन्यांत टाकला होता. सोडायला भांडण कारण नव्हतं, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. कारण होता एक सरकारी शब्द. चूल.

सरोज बार्शीच्या एका डाळमिलमध्ये पंधरा वर्षं कामाला. नवरा दिगंबर मोटार वाइंडिंगवाला. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यानं भरायची. तालुक्यातल्या निम्म्या विहिरी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. बेचाळिसाव्या वर्षी त्याची स्वतःची दोन्ही मूत्रपिंडं जळाली, आणि ती भरून द्यायची सोय त्याच्या दुकानात नव्हती. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार चार तास सुईला बांधून पडायचं, उरलेले दिवस त्या चार तासांचा थकवा काढायचा. अशी सहा वर्षं गेली, आणि त्यांत घरातलं काय काय गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना ती यादी पाठ आहे. ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगूनही कळायची नाही.

मग वडी आली.

साबणाच्या वडीएवढंच ते यंत्र, म्हणून लोकांनी वडीच नाव ठेवलं. बरगडीखाली कापून आत बसवायचं. आत सिलिकॉनच्या चकत्या, चकत्यांना केसाहून हजारपट बारीक भोकं. रक्त स्वतःच्या दाबानंच त्यातून ढकललं जायचं, पंप नाही की वायर नाही. गाळून निघालेलं पाणी पुढच्या कप्प्यात जायचं. तिथं मूत्रपिंडाच्या जिवंत पेशींचा थर असायचा. तो थर कामाचं तेवढं पाणी, साखर, क्षार परत रक्तात घ्यायचा आणि घाण मूत्राशयाकडे सोडायचा. दिगंबरनं वडीचं चित्र पाहिलं तेव्हा तो डॉक्टरला म्हणाला होता, "म्हंजी मोटारीबिगर पाणी चढवलंय तुम्ही. भले शाब्बास." अडचण एकच होती. पेशी जिवंत, म्हणजे त्यांना खायला लागणार. दर तीन महिन्यांनी कातडीखालच्या बटणातून वडीला नवं खाद्य टोचायचं. ते चुकलं की पेशी मरायला लागायच्या आणि वीसेक दिवसांत वडी तुंबायची.

वडी आली तशी सुधारणाही आली. 'संजीवन हमी' नावाची. वडी मिळणार, खाद्य मिळणार, डायलिसिसची कटकट संपली, असं फलकांवर हसऱ्या चेहऱ्यांसकट छापून आलं. डायलिसिसची केंद्रं एकामागून एक बंद झाली. आता त्यांची गरज काय? म्हणजे परतीची वाट आधी उखडली आणि मग पुढच्या वाटेवर फाटक बसवलं. गरिबाला औषध देताना योजना आखणाऱ्यांना पहिली काळजी असते ती हा गरीब खोटा तर नाही ना, याची. तो मेला तर चालतं, खोटा निघाला तर चालत नाही.

फाटक असं होतं. 'एकाकी चूल' असेल त्याला सगळं फुकट. 'कमावती चूल' असेल त्यानं खाद्याचा वाटा भरायचा, आणि तो वाटा सरोजच्या अख्ख्या पगारात बसत नव्हता. तिनं नोकरी सोडून भागलं नसतं. धडधाकट बायको नियमाप्रमाणे कमावतीच धरायची. मग कुटुंब म्हणजे काय? तर एका चुलीवर शिजलेलं खाणारी माणसं. लग्न नाही, रक्त नाही, छप्पर नाही. चूल.

"वेगळी चूल मांडा की," अर्ज भरून देणारा म्हणाला. "सगळेच मांडायलेत."

भाऊभाऊ वेगळी चूल मांडतात. सासूसुना मांडतात. नवराबायकोनं मांडलेली वेगळी चूल बार्शीनं त्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. दिगंबर दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. जाताना सरोजनं त्याला एक तवा, एक पातेलं, एक उलथनं दिलं, आणि सगळ्यांवर त्याचंच नाव घालून घेतलं, कुणी तपासायला आलं तर असू दे म्हणून. लेक सासरी पुण्याला होती, ती फोनवर रडली. सरोज तिला म्हणाली, "रडतीस कशापायी? तुझा बाप मेला न्हाई. मरू नये म्हणून तर गेला."

रोज संध्याकाळी सातला फोन व्हायचा.

"तेल तापलं का?"

"तापलं."

"कशावरनं?"

"तू इचारलंस म्हणून."

"मोहरी टाका. फोन जवळ न्या. अजून जवळ." सरोज कान देऊन ऐकायची. "कच्ची हाय. आवाज ओला येतोय. थांबा जरा. आता टाका लसूण."

दिगंबरनं हजारो मोटारी नुसत्या आवाजावरून ओळखल्या होत्या, पण फोडणीचा आवाज वाळला कधी ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मग दोघं आपापलं ताट घेऊन बसायची. ती इकडं फोन पिठाच्या डब्याला टेकवायची, तो तिकडं पक्कडीला. बोलणं फार नसायचं. त्याचं भाकरी मोडणं ऐकू यायचं, पाण्याचा घोट ऐकू यायचा. तो मधेच म्हणायचा, "आज जमलीय." ती म्हणायची, "मला द्या की थोडी." आणि दोघंही आपापल्या ताटात बघायची, कारण थट्टा करायला गेलं की ती अशी भलतीकडेच लागायची.

चैत्रात सरोजनं वर्षाचं तिखट केलं. मिरच्या वाळवल्या, धणे, तीळ, खोबरं, कांदा, दगडफूल, सगळं आपल्या हातानं भाजलं आणि हमीदाच्या डंकावर कांडायला नेलं. हमीदाचा नवरा कय्यूम, तोही वडीवाला आणि तोही कागदावर एकाकी. भावाच्या माळ्यावर राहायचा. डंकाचे लोखंडी मुसळ धाडधाड पडत होते, त्यावरून आवाज चढवून हमीदा म्हणाली, "काय गं सरोजबाई, एकट्या बाईला पाच किलो तिखट? गल्लीला धुरी देतीस का काय?"

"निम्मं मालकांचं."

"मग वरडून सांग की सगळ्यांना!" हमीदानं डोळे वटारले आणि निम्म्या तिखटाचा डबा स्वतःच्या पिशवीत घातला. "जाता जाता टाकते दुकानात. मोटार दुरुस्तीला आणली म्हणीन."

इथं चूक झाली. आणि ही चूक बार्शीतल्या कुठल्याही बाईनं केली असती. विस्तव वेगळा, भांडी वेगळी, पीठ वेगळं, एवढं सरोजनं डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. पण तिखट म्हणजे चूल, हे कुणाच्या डोक्यात येणार? वर्षाचं तिखट लेकीला जातं, नणंदेला जातं, परगावी शिकणाऱ्या पुतण्याला जातं. म्हणून काय ती सगळी एका चुलीवर जेवायला आली?

आषाढात कागद आला. *एकच चूल आढळली. सुनावणीपर्यंत खाद्य रोखले आहे.* दिगंबरचं पुढचं खाद्य अठरा दिवसांवर होतं.

सुनावणी घेणारे पडताळणी अधिकारी मिसाळ. चाळिशीचा माणूस, टेबलावर दोन स्क्रीन, एका कोपऱ्यात न धुतलेला डबा. सरोज आणि दिगंबर मधे एक खुर्ची रिकामी सोडून बसले. अकरा महिन्यांत ती त्याला इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होती. गळ्याची हाडं वर आली होती. शर्टाला बटण वेगळ्याच रंगाचं लावलं होतं, आणि तेही उलट्या टाक्यानं.

मिसाळांनी कागद वाचला. "आडनाव ताकभाते, आणि आजार मूत्रपिंडाचा. ताकही बंद, भातही मोजून. देवानं थट्टाच केली की."

"देवानं न्हाई, साहेब," सरोज म्हणाली. "देव येवढं बारीक बघत न्हाई. बारीक बघायला तुम्ही हायसा."

दिगंबरनं खाली बघून खोकल्यासारखं केलं. मिसाळांना राग आला नाही. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. दोन रेघा. एक लाल, एक निळी. डोंगरासारख्या वर चढायच्या, एकदम उतरायच्या.

"लाल तुमची. मिलनं मनगटाला जी घामाची पट्टी बांधलीय ना, तपासणीची, दिवसरात्रीची, तिच्यातली. निळी यांची, वडीतली. वडीत चिप आहे, बाई. ती बसवली पेशी नीट काम करतात का ते बघायला. रक्तातले अडीचशे बारीक पदार्थ ती दर तासाला मोजते. पुढं कुणाच्या तरी लक्षात आलं की एका घरात जेवणाऱ्यांचे आकडे सारखे येतात. मीठ कधी, आंबट किती, मिरची कुठली. ह्याला आम्ही चुलीचा ठसा म्हणतो."

"आम्ही येकत्र जेवत न्हाई."

"जेवत नाही, मान्य. वेळा जुळतात, पण वेळेवर मी कुणाला पकडत नाही. पकडलंय दगडफुलानं. ती काळी पापडी झाडाच्या सालीवर उगवते, तिच्यातली आम्लं प्रत्येक डोंगराची वेगळी. त्यात तुम्ही खोबरं किती करपवलं, कांदा कुठवर भाजला, सगळं मिळून जो ठसा होतो तो दोन घरांचा कधी एक येत नाही. तुमच्या दोघांचा अठ्ठ्याण्णव टक्के एक आहे."

"अठ्ठ्याण्णव कशाला? शंभर हाय. मीच केलंय."

"हे मी ऐकलं नाही," मिसाळ म्हणाले.

पण सरोजचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्या दोन रेघांकडे होतं. कुठं लाल वर, कुठं निळी वर, पण जोडीनं चालल्या होत्या, महिनेच्या महिने. सातला चढायच्या, आठला उतरायच्या. एका रविवारी दोन्ही सपाट होत्या. तिला तो रविवार आठवला. त्याला ताप होता, त्यानं खाल्लं नव्हतं, आणि तिलाही गिळवलं नव्हतं. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. आता सरकारच सांगत होतं.

दिगंबर त्याच रविवारावर बोट ठेवून होता. "हितं तू पण?" तो हळूच म्हणाला.

मिसाळांनी स्क्रीन परत वळवला. "हे बघा, मला कुणाचं खाद्य तोडायची हौस नाही. सोपा मार्ग आहे. यांनी उद्यापासून दुकानातलं पाकिटाचं तिखट खायचं. ठसा बदलेल. मी ताकीद देऊन फाइल बंद करतो, खाद्य वेळेवर मिळेल. फक्त पुन्हा कधी तुमच्या हातचं काही यांच्या पोटात गेलं नाही पाहिजे. कधीच."

"कधीच म्हंजी?"

"वडी आहे तोवर."

वडी आहे तोवर, म्हणजे दिगंबर आहे तोवर. वर पंखा घरघरत होता. दिगंबरच्या ओठांवर सवयीनं, त्याच्याही नकळत आलं, "बेअरिंग गेलंय याचं."

सरोजनं विचारलं, "आन् साहेब, हाटेलात जेवणारा? त्याचा ठसा हाटेलवाल्याशी जुळतच आसंल की. मग ती पण येक चूल व्हय?"

"नाही. त्याला स्पष्टीकरण आहे." त्यांनी सवयीनं वाचून दाखवलं, "खानावळ, मेस वा उपाहारगृहात पैसे देऊन जेवणारी व्यक्ती त्या चुलीची घटक मानली जाणार नाही."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला. डोकं वर करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्या डोक्यात जे आलंय ते काढून टाका. नोंदणी लागते. कमीत कमी सात जेवणारे, सगळ्यांच्या मनगटाला घामाची पट्टी. जेवणाच्या खोलीत तपासणीचा कॅमेरा. गिऱ्हाईक आणि मालकीण यांच्यात गिऱ्हाईक-मालकिणीचंच नातं दिसलं पाहिजे. आणि बनाव सिद्ध झाला तर ताकीद नाही. कायमचं बाद. पाकिटाचं तिखट घेतलं तर हा माणूस जगतोय, एवढं लक्षात ठेवा. बाहेर बसून ठरवा. अर्धा तास देतो."

बाहेर बाकडं होतं. दोघं दोन टोकांना बसली.

"पाकिटाचं चालंल मला," दिगंबर म्हणाला.

"मला न्हाई चालणार."

"तुला कुठं खायचंय?"

"तेच म्हंते मी. तुमच्या पोटात माझ्या हातचं येवढंच ऱ्हायलंय. तेबी गेल्यावर मी तुमची कोण? शेजारीण?"

"सरोज, जीव माझा हाय. डाव तू लावतीयास." त्याचा आवाज चढला, मग पडला. "सहा वर्सं सुईला बांधून पडलो तवा मराची भीती न्हवती. आता वाटतीया. वडी बसल्यापासनं लई बरं वाटतंय गं. जिना चढतो. मोटार उचलतो."

खरंच होतं ते. त्याचा जीव त्याचा होता, आणि तो वाचावा म्हणून तर तिनं त्याला घराबाहेर काढला होता. तिनं पदर बोटाला गुंडाळला आणि सोडला. "ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "पाकिटाचं घ्या. कमी तिखटाचं बगून घ्या, घसा धरतो तुमचा."

ती उठायला लागली तसा तो म्हणाला, "थांब. आषाढाआधी पहिल्या पावसात तुझा डबा भिजला होता. हमीदानं दुसरा आणीस्तोवर आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत पाकिटाचं आणून खाल्लं मी."

"मग?"

"फोडणीचा वास आला न् मला वाटलं, कुणाच्या तरी घरी आलोय मी. उठून जावंसं वाटलं. पन जायाचं कुठं? खोली माझीच." त्यानं समोरच्या भिंतीवरच्या हसऱ्या फलकाकडे पाहिलं. "काढ खानावळ. फकस्त गिऱ्हाईक म्हणून तरी वळख देशील ना? का चार लोकांत इसरशील?"

"उधारीवर बसला तर इसरीन," सरोज म्हणाली आणि नाक पुसलं.

पंधरा दिवसांत पुढच्या खोलीत चार बाकं आली. दिवसा मिल, संध्याकाळी खानावळ. पाटीवर 'सरोज खानावळ, घरगुती जेवण' असं रंगवून घेतलं होतं. मिसाळ नोंदणीला आले आणि त्यांनी 'घरगुती'वर बोट ठेवलं. "हा शब्द नको. घर म्हटलं की चूल आली." रंगाऱ्यानं तिथं चुना मारून 'व्यावसायिक जेवण' लिहिलं. अख्ख्या महाराष्ट्रात अशी पाटी असलेली ती एकच खानावळ असेल.

पहिल्या संध्याकाळी सात जण भरले. कय्यूम, कॉलेजचे तीन मास्तर, एक निवृत्त वॉचमन, एक औषधविक्या, आणि सातवं गिऱ्हाईक दिगंबर, इस्त्रीचा शर्ट घालून. सरोजनं भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि हाताला लागलेली सवय ती, त्याच्या ताटातली भाकरी आपणच कुस्करायला बसली. डायलिसिसच्या सुयांनी त्याचा डावा हात कमजोर झाला होता. सहा वर्षं ती भाकरी कुस्करून देत आली होती. दोन मुटके कुस्करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की वॉचमन आपलं ताट पुढं करून बसलाय. "मावशी, आमालाबी," तो म्हणाला, "दात न्हाईत मला." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी फोनवर सूचना आली. *एका गिऱ्हाइकास विशेष वागणूक. पहिली नोंद.*

तेव्हापासून ठरलं. आपल्या माणसाला आपण वाढायचं नाही. डंक बंद करून मदतीला येणारी हमीदा दिगंबरला वाढायची, कय्यूमला सरोज. ती रस्सा वाढत असताना कय्यूम म्हणायचा, "भाभी, तिकडं बघून वाढू नका, माझ्या मांडीवर सांडतंय."

ठसा जुळला, पण आता तो सात जणांचा एक होता, मग अकरांचा, मग एकोणीस जणांचा. यंत्राला त्यात नवरा कुठला ते ओळखू येईना. मिसाळांच्या स्क्रीनवर 'व्यावसायिक चूल' असं आलं, आणि खाद्याची तारीख उलटून, वडी तुंबायच्या वीस दिवसांतला एक दिवस उरला असताना दिगंबरच्या बरगडीखालच्या बटणात खाद्य गेलं. त्या दिवशी सरोजनं एकोणीस जणांना शिरा वाढला. कारण कुणालाच सांगितलं नाही. निम्म्यांना ठाऊक होतं.

कारण निम्मे तसेच होते. गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. वडीवाले आले, हृदयात पंप बसवलेले आले, साखरेच्या आजारात पोटाला यंत्र चिकटवलेले आले. सगळे कागदावर एकाकी. त्यांच्या मागोमाग बायका यायच्या. "पोळ्या लाटायला बाई हवी का?" "तुमचं कोन येतं का हितं जेवायला?" "कोन न्हाई. ते खिडकीजवळ बसलेत ते." दोन बाया अशा होत्या की यंत्र त्यांच्या पोटात आणि नवरे आत भांडी घासायला. ते बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम डोकावून जायच्या.

बाहेरच्या खोलीत नवरे पैसे देऊन जेवत होते. आतल्या खोलीत त्यांच्या बायका पगारावर स्वयंपाक करत होत्या. मधे एक दार, दारावर कॅमेरा. रोगापासून माणूस वाचवायची एवढी मोठी व्यवस्था उभी राहिली होती, आणि ती चालावी म्हणून एवढंच करायचं होतं: एकानं दुसऱ्याला ओळख द्यायची नाही.

मिसाळ तपासणीला आले की जेवून जायचे, पैसे मोजून ठेवायचे. एकदा हात धुता धुता सरोजला हळूच म्हणाले, "सगळं दिसतं मला. पण माझ्या रकान्यात नवरा नाही, गिऱ्हाईक आहे. तोवर ठीक." मग थांबून म्हणाले, "मीठ जरा कमी असतं."

"तुमच्यासाठी न्हाई घातलेलं ते," सरोज म्हणाली.

लोक म्हणायचे, सरोजनं जिंकलं. हमीदा म्हणायची, लेक फोनवर म्हणायची. सरोजही हो म्हणायची. पण चार महिन्यांनी एका संध्याकाळी, सगळे उठून गेल्यावर ती स्वतःचं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसली, तेव्हा तिला हातातला घास तोंडापर्यंत नेता येईना. सात वाजता फोन येणं बंद होऊन चार महिने झाले होते. कशाला येईल? तो तर रोज समोर होता. साडेसातला यायचा, तिच्या हातचं खायचा, तब्येत भरली होती, गळ्याची हाडं बुजली होती. आणि ती मागं एकटी जेवायची. दुकानामागच्या खोलीत तो फोडणी करपवायचा, ती पिठाच्या डब्याला फोन टेकवायची, तेव्हा दोघं एकत्र जेवत होती. लाल रेघ, निळी रेघ. आता त्याची रेघ पावणेआठला चढत असेल आणि तिची तो गेल्यावर. दोन्हींत एकच तिखट, पण जोडी मोडली होती. हे कुणाला सांगायचं? माणूस जिवंत आहे, जेवतोय, डोळ्यांसमोर आहे. आणखी काय हवं, असं कुणीही म्हणेल. आणखी काय हवं ते तिलाही धड शब्दांत सांगता आलं नसतं. त्यानं जेवताना वर बघावं आणि तिथं तिचं ताट असावं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी होती. दिगंबर जेवला. हमीदानं वाढलेली भाकरी त्यानं आपल्या कमजोर हातानं, वेळ लावून कुस्करली. ताट भांड्यांच्या ढिगावर ठेवलं, हात धुतले. दाराशी येऊन एक पाय चपलेत घातला आणि सगळी गिऱ्हाइकं म्हणतात तसं, कुणीही माणूस कुठूनही निघताना म्हणतो तसं, मान न वळवता म्हणाला, "येतो, मालकीणबाई."

याला उत्तर ठरलेलं असतं. 'या' म्हणायचं. चार महिने ती तेच म्हणत आली होती.

"कधी?" सरोजनं विचारलं.

आतलं लाटणं थांबलं. कय्यूमनं उचललेला पाण्याचा पेला तसाच धरला. आतल्या दारावरच्या कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा जळत होता. गिऱ्हाइकाला कधी येणार विचारू नये, असा काही नियम नव्हता.

दिगंबर वळला. "साडेसातला," तो म्हणाला. "नेहमीसारखा."

"साडेसातला गिऱ्हाईक येतं," ती म्हणाली. हातात पळी तशीच होती, तिच्यातून रस्सा फरशीवर ठिबकत होता. "तुम्ही कधी येताय?"

दिगंबरनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दुसरा पाय त्यानं चपलेत घातला नाही.